वाळवंटातल्या विमानांचा बेत

नागपूर, ४ ऑगस्ट २०२५

प्रिय अश्विन,

तुझं पाकीट मिळालं. सात पानं, दोन नकाशे आणि स्टेपलरची एक पिन. ती माझ्या अंगठ्यात गेली. चौसष्टाव्या वर्षी माझा धाकटा भाऊ अमेरिकेला निघतो आणि बघणार काय, तर वाळवंटात उभी केलेली म्हातारी विमानं! लोक नायगारा बघतात रे. शेजारच्या इंदुताईंना सांगितलं तर म्हणाल्या, "भंगार पाहाले इतक्या दूर काहून? वाडीले भंगाराचे गोडाऊन कमी आहेत का?" त्यांना मी चांगलं सुनावलं. तिथल्या हवेत ओल नाही म्हणून विमानांना गंज चढत नाही, आणि जमीन इतकी टणक की जड विमानं मातीवर उभी राहतात, असं अर्धा तास समजावलं. पस्तीस वर्षं सोनेगाव विमानतळाच्या हवामान कार्यालयात मी हवेतली ओल मोजली. मला कोणी भंगार शिकवू नये.

आता तुझा बेत. तो बेत नाही, हावरेपणा आहे. रॉसवेल मी खोडलं. ते नकाशावर टुसॉनपासून तुझ्या अंगठ्याएवढं लांब दिसतं, प्रत्यक्षात दिवसभर गाडी चालवावी लागेल. लॉस एंजेलिसला उतरायचं, तिथून मोहावे, मग व्हिक्टरव्हिल, मग पाम स्प्रिंग्जचं म्युझियम, शेवटी टुसॉन. टुसॉनच्या म्युझियमला तू अर्धा दिवस दिला आहेस. चारशे विमानं आणि अर्धा दिवस? लग्नाच्या पंगतीत वाढपी धावतो तसा धावणार आहेस का? दोन दिवस ठेवले आहेत. मोहावेला दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा तिथे सकाळीच. ऑक्टोबर संपताना निघू. उकाड्याची भीती मला घालू नकोस, नागपूरचा मे महिना सदुसष्ट वेळा काढला आहे.

गाडी तू चालवशील हे मान्य. सिग्नलचा लाल वर आणि हिरवा खाली, एवढ्यावर तू चाळीस वर्षं बडोद्यात बिनधोक गाडी चालवलीस.

तू लिहिलं आहेस, "तू चल. शेपट्यांचे रंग सांगायला कोणीतरी हवं." ठीक आहे. लहानपणी विमानतळाच्या क्वार्टरच्या गच्चीवर तेच करत होतो. तू विमानाचा नंबर वहीत उतरवायचास आणि मी रंग सांगायची. बाबा अग्निशमन दलाच्या गाडीवर बसून खालून ओरडायचे, "पडान लेकहो!"

पण त्याच्या पुढचं वाक्य लिहायची गरज नव्हती. "त्या वाईट दिवसांत माझ्या बाजूने तू एकटीच होतीस." असली वाक्यं वाढदिवसाच्या कार्डावर असतात. यापुढे पत्रात फक्त बेताचं लिहीत जा.

तुझी,
शामला


२१ ऑगस्ट

प्रिय अश्विन,

तिकिटांसाठी मनीषनगरात अमोल म्हणून एक मुलगा आहे, त्याच्याकडे गेले होते. हसरा आहे, पण ऐकत नाही. "आंटी, लास व्हेगास अ‍ॅड करून देऊ? सगळेच करतात." मी म्हटलं, "सगळेच करतात ते करायचं असतं, तर मी तुझ्याकडे न येता यात्रा कंपनीकडे गेले असते." मग त्याने मोहावे शोधलं आणि गोंधळून विचारलं, "तिथे तर काहीच नाही, आंटी." म्हटलं, "तेच बघायला चाललो आहोत." अठ्ठावीस ऑक्टोबरच्या दोन जागा धरल्या आहेत. दोघांचे व्हिसे आहेत, तेव्हा ती कटकट नाही. नावं पक्की करायला त्याने तेरा ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे.

कुंपणाआडच्या लष्करी विमानांजवळ जाऊ देतात की नाही, यावर तू तीन वेगवेगळी उत्तरं लिहिली आहेस. म्युझियमला मी थेट विचारते. माझं इंग्रजी सिस्टर बेनेडिक्टाच्या पट्टीखाली घडलं आहे, त्याला उत्तर येतंच.

आणखी एक. लिहू की नको असा विचार करत होते.

अमोलच्या दुकानातून बाहेर पडले आणि औषधांच्या दुकानाशी कोणीतरी हाक मारली. "काय वं शामला? ओळख ठेवत नाहीस का?" जया रामटेके. सीताबर्डीच्या चष्म्याच्या दुकानातली. जिच्याशी तुझं लग्न ठरलं होतं आणि जिचं नाव बेचाळीस वर्षांत आपण दोघांनीही काढलं नाही. केस पांढरे, पाठ ताठ. नवरा शिक्षक होता, तो गेला. वेदिका नावाची मुलगी बंगलोरला असते. जया मनीषनगरात एकटी राहते.

"भाऊ कसा आहे तुहा? विमान उडवते का अजून?"

मी म्हटलं, "त्याने कधीच सोडलं. त्र्याऐंशी सालीच."

ती बघत राहिली. "काहून? त्याच्यासाठीच तर ते पुस्तक महिनाभर दुकानातून पिशवीत लपवून आणत होती मी."

मला उशीर होतोय असं सांगून मी निघाले. खोटं होतं. घरी येऊन बसून राहिले.

हे तुला का लिहिते आहे, मलाच कळत नाही. मोहावेच्या हॉटेलात सकाळचा नाश्ता मिळतो.

शामला


४ सप्टेंबर

अश्विन,

तुझं पत्र आलं. "त्या बाईचं नाव पुन्हा लिहू नकोस. तिने ते निनावी पत्र दिल्लीला पाठवलं नसतं, तर मी त्या विमानांतून उडालो असतो. आज ती बघायला जायची वेळ आली नसती."

तीनदा वाचलं. आधी तुझाच राग आला. "ती बाई" म्हणे! मग राग जायला माझ्याशिवाय दुसरं ठिकाण उरलं नाही.

ते पत्र जयाने लिहिलं नाही. मी लिहिलं.

आमच्या कार्यालयाच्या रजिस्टरात नोंद चुकली तर ती खरवडायची नसते. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा. पस्तीस वर्षं मी ते केलं. ही एक नोंद मात्र बेचाळीस वर्षं तशीच राहू दिली. आता नीट लिहिते. मध्ये थांबले तर पत्र फाडून टाकीन हे मला ठाऊक आहे, म्हणून थांबत नाही.

तुला लाल-हिरवा कळत नाही हे घरात फक्त मला माहीत होतं. वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांमधले आकडे ओळखायचे असतात, ते पुस्तक जयाने दुकानातून आणलं आणि पाठ करून घेतलं मी. आठव्या पानाचा कोपरा दुमडलेला, अकराव्यावर शाईचा डाग. आकडे तुला दिसत नव्हतेच, तू पानं ओळखत होतास. डॉक्टरांकडे तेच पुस्तक, त्याच क्रमाने निघालं आणि तू पास झालास. आपण तिघांनी रामदासपेठेत आइस्क्रीम खाल्लं. म्हणजे लबाडीत मी पहिल्या दिवसापासून होते.

मग त्र्याऐंशीचा मार्च. फ्लाइंग क्लबच्या शिकाऊ विमानातून तुझं एकट्याचं उड्डाण होतं आणि मी कार्यालयाच्या गच्चीवर होते. तुझा रेडिओ बंद पडला. टॉवरने दिवा दाखवला. लाल. म्हणजे उतरू नकोस. मी तो स्वच्छ पाहिला. धावपट्टीच्या टोकाशी एक अ‍ॅव्रो, प्रवासी विमान, निघायच्या तयारीत उभं होतं, त्यात चाळीसेक माणसं. तू त्यांच्या डोक्यावरून आलास आणि पुढे उतरलास. किती उंचीवरून ते मी तुला कधी सांगितलं नाही. अ‍ॅव्रोच्या खिडकीतला एक चेहरा वर बघत होता.

चौकशीत ठरलं, ऊन डोळ्यावर होतं. तुला समज देऊन सोडलं. संध्याकाळी घरी मी विचारलं.

"टॉवरने कोणता दिवा दाखवला?"

"दिवा दाखवला ना."

"रंग कोणता, अश्विन?"

"अवं दिवा दिसला म्हणून उतरलो! दिवा उगाच दाखवतेत का?"

आणि तू हसलास. टॉवरच्या दिव्याला सिग्नलसारखं वर-खाली नसतं. तो एकच असतो. पुढच्या वेळी तू पुन्हा हसत उतरला असतास.

मी आठ दिवस वाट पाहिली. तुला सांगून बघितलं, तू म्हणालास, "कॉन्व्हेंटवाली बाई प्रवचन देऊन राहिली." मग वैमानिकांना परवाने देणाऱ्या दिल्लीच्या खात्याला कार्यालयाच्या टाइपरायटरवर पत्र टाइप केलं, खाली सही केली नाही. तुझी पुन्हा तपासणी झाली, दुसऱ्या पुस्तकाने, आणि तू जमिनीवर आलास.

ते पत्र लिहिल्याची मला लाज वाटत नाही. आजही लिहीन. हे वाचून तुला राग येईल, येऊ दे.

लाज याची आहे. पत्रावर विश्वास बसावा म्हणून मी त्यात लिहिलं की उमेदवाराने चष्म्याच्या दुकानातलं पुस्तक पाठ केलं आहे. दुकान लिहिलं. पाठ करून घेणारी बहीण लिहिली नाही. क्लबच्या साहेबांनी ते तुला वाचून दाखवलं आणि तू घरी येऊन म्हणालास, "जयाच. नोकरी जाईल म्हणून भ्याली." मी तुझ्यासमोर पोळ्या लाटत होते. मी तोंड उघडायचं होतं. त्याऐवजी मी पत्र लिहिणाऱ्याला शिव्या दिल्या. तू रडलास तेव्हा तुझ्याबरोबर रडलेदेखील, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात घाणेरडं.

पंधरा दिवसांत तू लग्न मोडलंस आणि बडोद्याला गेलास. मी तुझ्याकडे कधी राहायला आले नाही, तुला वाटलं बहीण तुसडी आहे. "तू माझ्या बाजूने होतीस" असं तू तोंडावर म्हणशील, एवढीच भीती होती.

शामला


११ सप्टेंबर

वरचं पत्र आठवडाभर टेबलावर पडून आहे. तुझ्याआधी जयाला सांगायला हवं असं वाटलं. काल गेले. आता दोन्ही पत्रं एकत्र पाठवते.

तिने पोहे केले. मी म्हटलं, आधी ऐक, मग पोहे. सगळं सांगितलं, अ‍ॅव्रोसकट. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती भलतंच बोलली.

"म्हणजे जातीमुळं नाही मोडलं?"

मला कळेना.

"तुह्या भावानं मले काही सांगितलंच नाही ना! एक चिठ्ठी, 'लग्न होणार नाही.' बस. माह्या बापानं आधीच बजावलं होतं, कुणब्याचं पोरगं आहे, ऐन वेळी हे लोक मागं सरतेत. मी बापाशी भांडली होती त्याच्यासाठी. मंग मले वाटलं, बाप खरा. तो मरेपर्यंत मी त्याले म्हणत राहिली, बाबा, तुमचंच खरं."

मी ताटलीतला चमचा सरळ केला.

"आणि वेदिका," ती म्हणाली. "तिच्या ऑफिसातला एक पोरगा होता. चांगला होता. देशमुख. मी तिले माझं उदाहरण दिलं, सांगितलं, बाई, हे लोक लग्नाच्या दारातून परततेत. तिनं ऐकलं. चाळिशीले आली आता. दिवाळीले दोन दिवस येते, तिसऱ्या दिवशी जाते."

अश्विन, तिला नोकरी जायची भीती वाटली असं तुला वाटत होतं, आणि तुला तिची जात नको झाली असं तिला वाटत होतं. मधे मी होते आणि मला दोन्ही थांबवता आलं असतं. एका वाक्यात.

मी माफी मागितली. तिने ताटली माझ्यापुढून उचलली. रागाने नाही, पोहे गार झाले होते म्हणून. मग म्हणाली, "माफी मले एकटीले नको. दसऱ्याले माह्या घरी सगळे येतेत, दीक्षाभूमीले जाण्यासाठी. भाऊ, वहिनी, प्रयागआत्या. तेव्हा ये आणि सगळ्याईसमोर सांग. तुह्या भावालेही बोलाव. मंग पाहू."

म्हणून तुला बोलावते आहे. दोन ऑक्टोबर.

शामला


४ ऑक्टोबर

अश्विन,

तू आला नाहीस. पत्राला उत्तर नाही. अमोलला मात्र तुझा फोन आला होता म्हणे, खिडकीजवळची जागा हवी असं सांगायला. पंखाच्या मागची. माझ्याबद्दल एक शब्द नाही. चांगलं आहे, विमानं तरी तुझ्याशी खोटं बोलली नाहीत.

मी गेले होते. जयाच्या दोन खोल्यांत पंचवीस माणसं. खेड्यांतून आलेले नातेवाईक, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, सतरंजीवर मुलं झोपलेली. जयाने मला खुर्ची दिली. मला खाली बसायचं होतं, पण गुडघे. म्हणून सगळे खाली आणि मी वर, असं बसून मी बोलले. तेवढ्यानेही लाज वाटली.

पत्राचं सांगितलं, पुस्तकाचं सांगितलं. तू चुकीचं समजलास आणि मी समजू दिलं, हेही सांगितलं. जयाचा भाऊ म्हणाला, "बाई, बेचाळीस वर्षं लागले तुम्हाले? आमच्या गावची एसटीसुद्धा याच्याआधी येते." एकदोघं हसले. मला बरं वाटलं, कोणीतरी हसलं म्हणून.

प्रयागआत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक्याण्णव वर्षांच्या आहेत. छप्पन साली दीक्षेला आल्या तेव्हा कडेवर मूल होतं असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांनी मला जवळ बोलावलं. ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने बोलतात.

"मंग बाई, जातीचं काहीच नव्हतं म्हणते तू?"

मी हेच सांगायला गेले होते. नव्हतं. जयाच्या वडिलांचा अंदाज चुकला, सगळा घोळ एका पत्राचा. जयाही माझ्याकडे बघत होती. तिला ते "नव्हतं" हवं होतं, मला दिसत होतं. बंगलोरला फोन करून मुलीला सांगता आलं असतं.

मी तोंड उघडलं आणि मला आईने फोडलेला नारळ आठवला.

तुला माहीत नाही हे. तू जयाला चिठ्ठी पाठवून बडोद्याच्या गाडीत बसलास, त्याच सकाळी आईने देवापुढे नारळ फोडला. म्हणाली, "सुटलो बाई. पोरगं हातचं जात होतं." बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पान उलटलं. आईने मला खोबरं दिलं. मी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, सगळी माणसं सारखी असा निबंध लिहून बक्षीस मिळवलेली, ते खाल्लं. मला माहीत होतं मी काय खाते आहे. त्या सकाळी मी बोलले असते तर तुझी गाडी वर्ध्यालाच थांबवता आली असती. आई चिडेल, घरात पुन्हा सुरू होईल, आता मिटलंच आहे तर मिटू दे, असं वाटलं. सगळ्यांना सोयीचं होतं. एक जया सोडून.

म्हणून मी प्रयागआत्यांना म्हटलं, "होतं. आमच्या घरात होतं. मी गप्प बसले त्यात होतं."

आत्यांनी मान हलवली, जणू भाव विचारला आणि अंदाजाइतकाच निघाला. मग विचारलं, "आन त्या पोराच्या मनात?"

मी म्हटलं, "ते मला माहीत नाही."

जया मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आली. मग म्हणाली, "तू 'नव्हतं' म्हटलं असतं तर मी मानून घेतलं असतं वं." रिक्षा सुरू झाली तेव्हा तिने हात केला नाही. उभी मात्र राहिली, वळेपर्यंत.

तर आता तुला विचारते, आणि हे तुझ्यावर उलटवून मला सुटायचं नाही. माझं ते माझ्याकडेच राहील. तू जयाला एकदाही का विचारलं नाहीस? साहेबांनी पत्र वाचून दाखवलं, त्यात दुकानाचा उल्लेख होता, आणि दीड वर्ष ओळखत असलेल्या मुलीला एक प्रश्न न विचारता तू चिठ्ठी लिहिलीस. माझ्यावर संशय घ्यायला तुला बेचाळीस वर्षांत जमलं नाही. तिच्यावर घ्यायला एक संध्याकाळ पुरली. असं का, ते मला लिहू नकोस. विचारणारी मी नाही.

बेतात बदल केला आहे, नवा कागद सोबत आहे. मोहावे, व्हिक्टरव्हिल, पाम स्प्रिंग्ज, टुसॉन, सगळं तसंच. म्युझियमचं उत्तर आलं, तेही जोडलं आहे. तुझी जागा पंखाच्या मागे, खिडकीजवळ. माझं नाव अमोलकडे तेरा तारखेपर्यंत अर्धवट राहील. ते पक्कं करायचं की काढायचं हे तू त्यालाच सांग. काढलंस तर मी भांडणार नाही. एवढं एक वचन मी पाळू शकते.

फक्त पहिला मुक्काम नवीन आहे. बडोद्याहून रेल्वेने नागपूर, स्टेशनवरून रिक्षा, मनीषनगर, जयाचं घर. पत्ता कागदावर आहे. माझ्याकडे उतरायची गरज नाही. प्रयागआत्या बारा तारखेपर्यंत तिथे आहेत, मग गावी जातील. थोडं मोठ्याने बोलावं लागेल.

शामला